हिरव्या लॅपटॉपची खोकी

एका संस्थेनं वाडीवरच्या शाळेला वाटलेले तीस एक्सओ लॅपटॉप (‘दर मुलामागे एक लॅपटॉप’ या योजनेतले, शाळकरी मुलांसाठीचे स्वस्त लॅपटॉप) माझ्याकडे दुरुस्तीला आले, सोबत चिठ्ठी : ‘सगळे बंद.’ तीसच्या तीस यंत्रं एकदम मरत नाहीत, म्हणून आधी एकेक चार्जरला लावून पडद्यावर काय येतं ते पाहिलं.

ही योजना काढणारे एमआयटीचे प्राध्यापक निकोलस निग्रोपाँटे यांनी 2005 मध्ये शंभर डॉलरला जाहीर केलेला आणि 2007 मध्ये 188 डॉलरला पडलेला तोच हा हिरवा-पांढरा लॅपटॉप. आपल्या मनुष्यबळ विकास मंत्रालयानं 2006 मध्येच त्याला नकार दिला होता, तरी पुढच्याच वर्षी कर्जतजवळच्या एका धनगरवाड्यावरच्या शाळेत त्याचा प्रयोग झाला. टीकाकार याला खेळणं म्हणतात, ते मला पटत नाही. पडदा भर उन्हात वाचता येतो. 11 ते 18 व्होल्ट डीसी चालतो, म्हणजे गाडीच्या बॅटरीवरही चार्ज होतो. उघडायला साधा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर पुरतो आणि जादा स्क्रू हँडलच्या आतच ठेवलेले असतात. एवढा विचार महागड्या यंत्रातही दिसत नाही.

निम्म्याहून जास्त यंत्रं सुरू होता होता अडकत होती. कारण साधं : साठवण फक्त 1 जीबी, आणि मूल जे करेल ते ‘जर्नल’मध्ये आपोआप जमा होतं. काढलेले फोटो, व्हिडिओ कोणी पुसलेच नाहीत, जागा संपली. उपाय म्हणजे पेन ड्राइव्हवर सिस्टिमची फाइल घ्यायची, पडद्याशेजारची चारही गेम बटणं दाबून धरून यंत्र चालू करायचं, सांगितल्यावर बटणं सोडायची. यंत्र नव्यासारखं होतं, पण पोरांचं सगळं काम जातं. डेव्हलपर की, म्हणजे यंत्राचं कुलूप काढणारी सांकेतिक किल्ली, असती तर आत शिरून नेमक्या फाइली पुसता आल्या असत्या. ती कोणी मागवलीच नव्हती.

सहा यंत्रांवर ‘तारीख चुकीची’ असा संदेश. घड्याळाचा बटण सेल होल्डरमध्ये सैल पडतो, घड्याळ शून्यावर जातं, आणि चोरीविरोधी कुलूप यंत्र सुरू होऊ देत नाही. सेल घट्ट बसवून भागत नाही. बोर्डाला सिरियल केबलनं दुसरा संगणक जोडून तारीख हातानं भरावी लागते. गावात हे कोण करणार? उरलेल्यांत बहुतेक कीबोर्डचे रबर फाटलेले. कड सुटली की पोरं ती कुरतडतात, सरळ आहे.

संध्याकाळी संस्थेचे गृहस्थ आले. त्यांच्यापुढे हिशेब ठेवला : दर दहा यंत्रांमागे दोन कीबोर्ड, एक बॅटरी, दोन चार्जर, एक सिरियल केबल, शिवाय शाळेतल्या एका माणसाला हे सगळं शिकवायचं. वर्गात प्लग एकच. तीस चार्जर म्हणजे साधारण 500 वॅट, त्यासाठी वायरिंग वेगळं.

“साहेब, देणगीदार लॅपटॉपला पैसे देतात, वायरिंगला नाही,” ते म्हणाले.

पेरू देशात याच लॅपटॉपवर झालेल्या 319 शाळांच्या अभ्यासात गणित-भाषेच्या गुणांत फरक दिसला नाही, हे 2012 पासून सगळे सांगतात. पण बंद यंत्रावर तर तेवढाही वाद घालता येत नाही. शेवटी चार यंत्रं मोडून त्यांचे कीबोर्ड दुसऱ्यांना बसवले आणि सव्वीस परत पाठवली. बिलात सुट्या भागांची यादी तशीच ठेवली आहे. मंजुरी अजून आलेली नाही.