एक पत्र आणि दीड किलो मटार

जानेवारीत मटार स्वस्त झाले की आमच्याकडे दुपारची झोप रद्द होते. जमिनीवर जुना पेपर, त्यावर दीड किलो मटार, एका बाजूला आत्या, दुसऱ्या बाजूला मी, आणि मध्ये पोह्यांच्या डब्याला टेकवून उभा केलेला मोबाइल. त्यावर ‘अ‍ॅज टाइम गोज बाय’ ही जुनी ब्रिटिश मालिका लावलेली. कितव्यांदा, ते विचारू नका.

आत्याचं वय एक्क्याऐंशी. इंग्रजी येतं ते फॉर्म भरण्यापुरतं. पण बघते मन लावून.

“ही दोघं भांडतायत का गं?”

“नाही. लग्नाचं बोलतायत.”

“मग त्याचं तोंड असं का? पित्त झाल्यासारखं?”

त्याचं तोंड तसंच आहे, त्याला कोण काय करणार. जेफ्री पामर या नटाच्या गालांनी आणि ओठांच्या कोपऱ्यांनी गुरुत्वाकर्षणापुढे केव्हाच हात टेकले होते. आनंद झाला तरी तो माणूस वीजबिल वाचत असल्यासारखाच दिसायचा. २०२० साली गेला, ९३ वर्षांचा होऊन. बातमी वाचली तेव्हा मला नात्यातलं कुणी गेल्यासारखं वाटलं होतं आणि हे घरात कुणाला सांगता येईना. समोर जूडी डेंच. मालिका चालू असतानाच, १९९५ पासून, ही बाई सिनेमात जेम्स बाँडला दम भरायला लागली. इकडे मात्र स्वयंपाकघरात उभी राहून नवऱ्याशी क्षुल्लक गोष्टींवरून हुज्जत घालते, आणि खरं सांगू का, बाँडपेक्षा हा नवरा आवरायला अवघड आहे.

या मालिकेचं वेड मला नणंदेने लावलं. ती न्यू जर्सीत राहते. तिकडच्या सार्वजनिक वाहिनीवर जुन्या ब्रिटिश मालिका लागत राहतात, त्यात तिला ही सापडली. “बघ, काहीच होत नाही त्यात,” असं म्हणून तिने शिफारस केली होती. मला एवढं पुरलं. बॉब लार्बी या लेखकाने १९९२ ते २००२ ती लिहिली, २००५ मध्ये निरोपाचं म्हणून थोडं आणखी, आणि इतक्या वर्षांत कुणी जिन्यावरून पडलं नाही, कुणाची स्मृती गेली नाही, कुणाच्या चेहऱ्यावर कॅमेरा तीनदा आपटला नाही. त्यांच्या गावाकडच्या घरी एक मिसेस बेल नावाच्या बाई आहेत, घर सांभाळणाऱ्या. जेवण किती मिनिटांत होईल ते त्या मिनिटाच्या हिशोबात सांगतात, आणि रेडिओवर खलाशांसाठी समुद्राच्या हवामानाचा जो अंदाज देतात तो त्यांना जीव की प्राण. आत्याला सगळ्यांत पटलेली बाई हीच. “हिला कामाची किंमत आहे,” म्हणाली.

गोष्ट म्हणाल तर एवढीशी. १९५३ सालचं लंडन. लायनेल सैन्यात सेकंड लेफ्टनंट, जीन नर्स. तीनेक महिन्यांचं प्रेम. मग त्याची रवानगी कोरियाला. तिथून त्याने पत्र टाकलं, ते पोचलंच नाही. त्याला वाटलं, हिने उत्तर द्यायची तसदी घेतली नाही. तिला वाटलं, याने लिहिलंच नाही. तो केनियात जाऊन कॉफी पिकवत बसला, लग्न केलं, ते मोडलं. तिने लग्न केलं, मुलगी झाली, नवरा गेला, पुढे टायपिंगची माणसं पुरवणारी एजन्सी काढली. अडतीस वर्षांनी हा लंडनला परत येऊन केनियातल्या आयुष्यावर पुस्तक लिहायला घेतो. अत्यंत कंटाळवाणं पुस्तक, हे त्यालाही माहीत आहे. त्याला टायपिस्ट हवी असते आणि फोन नेमका त्याच एजन्सीत जातो.

आता यातलं ते पत्र मला फार दिवस खुपत होतं. इंग्रजांना पन्नाशीनंतर प्रेम करायचं झालं की आधी टपालात काहीतरी घोळ व्हावाच लागतो का? २०१२ मध्ये आलेली ‘लास्ट टँगो इन हॅलिफॅक्स’ बघा. त्यातली दोघं तर सत्तरीची. तिथेही शाळकरी वयातली एक चिठ्ठी पोचत नाही. म्हणजे जिच्या हाती दिली तिनेच ती दाबून ठेवली, आणि पुढे त्या मुलाशी लग्नही केलं! (लेखिका सॅली वेनराइटच्या आईनेही सत्तरी उलटल्यावर, इंटरनेटवर पुन्हा गाठ पडलेल्या बालपणीच्या ओळखीच्या माणसाशी लग्न केलं होतं, त्यावरून तिला हे सुचलं.) पण लायनेलच्या पत्राला असं कुणी दाबणारंसुद्धा नाही. नुसतंच हरवलं. कुणाचाच दोष नाही. किती सोय! अडतीस वर्षं वाया गेली आणि राग धरायला माणूस नाही.

आमच्या वाईच्या घरी पत्र हरवायची सोयच नव्हती. ओटीवर खिडकीशेजारी आजोबांची तार लटकत असे. खाली लाकडाची चकती, वर आकडा. आलेलं पत्र आजोबा आधी मनात वाचत, मग मोठ्याने वाचत, मग चष्मा काढून तारेत खुपसत. अगदी मधोमध. कागदातून तार जाताना ‘टच्’ असा बारीक आवाज व्हायचा. त्या आवाजासरशी तो विषय संपला. मग आजीला काही म्हणायचं असलं तरी ती तारेकडे बघून गप्प बसे. पोस्टकार्डं, आंतरदेशीय, तेराव्याची निमंत्रणं, विजेच्या पावत्या, सगळी एकावर एक. दुपारी मोठी माणसं झोपली की मी स्टुलावर चढून ती पत्रं फिरवून फिरवून वाचायची. आठ-नऊ वर्षांच्या पोरीला दुसरं वाचायला होतं काय! प्रत्येक पत्रात एक शब्द कमी. भोक पडलेलं असे, तिथे अंदाजाने शब्द घालायचा. मला वाटतं माझं मराठी तिथे तयार झालं.

त्याच सुमारास पत्त्यात पिनकोड आले. १५ ऑगस्ट १९७२ पासून. ते बसवणारे टपाल खात्यातले अधिकारी म्हणजे आपले श्रीराम भिकाजी वेलणकर, संस्कृतचे कवी. दिवसा देशाची सहा आकड्यांत वाटणी करायची आणि उरलेल्या वेळात श्लोक रचायचे, हे मला फार आवडतं. आजोबांना मात्र पिनकोड हा अपमान वाटे. “वाईला पत्र यायला आकडे कशाला पाहिजेत?” म्हणत. कृष्णेला कुणी नंबर विचारावा तसा चेहरा करत.

तर त्या तारेवर मिरजेहून आलेलं एक पोस्टकार्ड होतं. आत्याला बघायला एक मुलगा येऊन गेला होता, नंतर पुन्हा एकदा एकटाच, काही कारण काढून. सुरळीच्या वड्या दोनदा मागून घेतलेल्या मला आठवतात, कारण त्या माझ्या वाटणीच्या होत्या. आत्या त्या दिवसांत ओटीवर जरा जास्त झाडू मारत असे. मग कार्ड आलं. सा.न.वि.वि. पत्रिका जुळत नाही. क्षमस्व. आजोबांनी ते नेहमीपेक्षा हळू वाचलं आणि टच्.

इथे मला लिहायला आवडलं असतं की भोक नेमकं ‘नाही’वर पडलं होतं. तसं झालं नाही. भोक पडलं होतं ‘इकडे पाऊस’ याच्या पुढच्या शब्दावर. त्यामुळे मिरजेकडे त्या साली पाऊस बरा होता की नव्हता, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

‘पत्रिका जुळत नाही’ हे आपलं हरवलेलं पत्र. हुंड्याचं फिसकटलं, पत्रिका जुळत नाही. मुलीचा रंग, पत्रिका जुळत नाही. आईला दुसरी पसंत पडली, पत्रिकाच. माणसांकडे बोट नाही, सगळा भार शनी-मंगळावर. ते बिचारे काही खुलासा पाठवत नाहीत. पुढे आत्याने लग्न केलं नाही. नगरपालिकेच्या शाळेत शिवण शिकवलं, तीसेक वर्षं. नंतर वाडा पडला, तार कुठे गेली कुणास ठाऊक. बहुतेक भंगारात, पत्रांसकट.

एपिसोड संपला, पेपरवर सालांचा ढीग झाला. दाणे स्टीलच्या पातेल्यात. दीड किलोचे निघतात किती, तर जेमतेम पाऊण. आत्याने विचारलं, “पण हे दोघं आधीच का नाही करते झाले लग्न?” मग मी तिला कोरिया, पत्र, अडतीस वर्षं, सगळं सांगितलं. ती ऐकत होती. हातातली शेंग तिने सोलली, आतली अळी दाण्यासकट बाजूला टाकली.

“रजिस्टर एडी करायला काय झालं होतं?”

“अगं, युद्ध चालू होतं.”

“असू दे की. एवढं महत्त्वाचं पत्र, पोचपावती नको?”

मी हसले. खूप हसले. आत्याही हसली, आणि पदराला हात पुसत सहज म्हणाली, “सव्वीस गुण होते.”

“कुठे?”

“मिरजेचे. छत्तीसातले सव्वीस. दादा झोपल्यावर पंचांग काढून मी स्वतः मोजले होते. दोनदा.”

मी काही बोलले नाही. काय बोलायचं? पन्नास वर्षांत हे तिने कुणाला सांगितलं होतं की नाही, तेही मी विचारलं नाही.

“पुढचा लाव ना,” आत्या म्हणाली.

मी लावला. आधी कसल्याशा मिक्सरची जाहिरात लागली. पाच सेकंदांनी ती पुढे ढकलता येते, पण आम्ही दोघींनी शेवटपर्यंत बघितली.