शॉडीची गोधडी

आमच्या इमारतीला अजून तीन पावसाळे झाले नाहीत आणि जिन्यातल्या गिलाव्याला बोट लावलं की तो पिठासारखा हाताला येतो. सोसायटीने एका इंजिनिअरकडून पाहणी करून घेतली. त्याच्या इंग्रजी अहवालात आठ ठिकाणी एकच विशेषण होतं : शॉडी. बिल्डरला पत्र मात्र मराठीतून पाठवायचं ठरलं (यात भाषाभिमान थोडा, वकिलाची फी वाचवणं जास्त), आणि मी घरी बसून भाषांतरं करतो म्हणून ते माझ्या गळ्यात पडलं.

आता शॉडीला मराठीत काय म्हणाल? पहिला धावत येतो तो 'निकृष्ट'. याला निम्मे लोक 'नित्कृष्ट' म्हणतात, आणि बातम्यांमध्ये तो इतक्या रस्त्यांवर अंथरलाय की त्याचंच डांबर उखडलंय. वाचणाऱ्याला काही टोचत नाही. 'सुमार' तर सौम्यच. सुमार गायकाला निदान सूर कुठे असतो ते माहीत असतं. टुकार म्हणावं सिनेमाला, भिकार म्हणावं टपरीवरच्या चहाला, ढिसाळ म्हणावं कारभाराला. गचाळ म्हटलं की त्यात घाण आली, आणि आमचा जिना तसा स्वच्छ आहे, रोज त्यावरून गिलावाच तर झाडून काढतात. 'थातूरमातूर'मध्ये वेळ मारून नेणं आहे, पण लबाडी नाही. शॉडीत लबाडी आहे. दिसायला ठीकठाक, ताबा घेईपर्यंत चकचकीत, आणि मग एक दिवस आपलं खरं रूप दाखवणारं.

त्या मानाने 'तकलादू' बराच जवळचा. तकलादू खुर्ची आपण बसेपर्यंत खुर्चीच असते.

मीटिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "अहो, एवढं काय शोधताय? पाट्या टाकल्यात, असं लिहा की सरळ!" वाक्प्रचार बिनतोड. टोपली भरायची, नेऊन ओतायची, पुढची उचलायची. कुठे ओतली हे बघायचं नाही. पण तो झाला करणाऱ्याचा गुण. मला भिंतीचा गुण हवा होता.

अडलं की मी शब्दाच्या माहेरी जाऊन येतो. शॉडीचं माहेर निघालं इंग्लंडातल्या यॉर्कशायरमधलं बॅटली. आणि मी बघतच राहिलो, कारण तिथे ही शिवी नव्हतीच. शॉडी हे चक्क एका कापडाचं नाव! नेपोलियनच्या लढायांच्या काळात, १८१३च्या सुमाराला, बॅटलीच्या बेंजामिन लॉने जुन्या लोकरी चिंध्या पिंजून, त्यात थोडी नवी लोकर मिसळून पुन्हा सूत कातायची रीत बसवली. चिंध्या फाडणाऱ्या दातेरी यंत्राला तिथले लोक 'डेव्हिल' म्हणत. बॅटली आणि शेजारचं ड्यूजबरी ही गावं यावरच मोठी झाली. गिरणीतला उरलासुरला चुराही वाया जात नसे. त्यात नायट्रोजन भरपूर, म्हणून तो जवळच्या रुबार्बच्या शेतात खत म्हणून पडायचा. म्हणजे आमच्याकडची आजी जशी साडीची गोधडी, गोधडीचं पायपुसणं आणि पायपुसण्याचं पोतेरं करते, तोच हिशोब, फक्त वाफेच्या इंजिनावर.

नाव बदनाम झालं ते अमेरिकेत. १८६१मध्ये तिथे यादवी युद्ध पेटलं, उत्तरेच्या फौजेला रातोरात लाखो गणवेश हवे होते, आणि काही कंत्राटदारांनी संधी साधून असलंच कापड चांगल्या लोकरीच्या नावाखाली खपवलं. त्यातलं हलकं कापड पावसात भिजलं की सैनिकाच्या अंगावरच त्याच्या चिंध्या होत. तेव्हापासून 'शॉडी' हे नाम कमी आणि विशेषण जास्त झालं. पैसे केले कंत्राटदारांनी, नाव गेलं कापडाचं.

आपण तरी काय वेगळं केलं? रद्दी, भंगार, कचरा ही तशी नामंच, त्यांवर लोकांची पोटं चालतात. पण 'भंगार पिक्चर' म्हणताना भंगारवाल्याचा विचार कोण करतं? चिंधीची तर आपण 'चिंधीगिरी' केली. एक गोधडी तेवढी सुटली. तीही जुनेराचीच, पण तिने कधी शालू असल्याचा आव आणला नाही, म्हणून असेल.

हे सगळं डोक्यात घोळत असताना एका रात्री गेटवर वॉचमनदादांशी बोलत उभा होतो. खुर्चीच्या पाठीवर त्यांचं जाड, करड्या रंगाचं घोंगडीवजा ब्लँकेट होतं. सहज हात लावला. लांबून करडं, पण दिव्याखाली धरलं तर त्यात निळे, मरून, मोरपिशी, एखादा केशरी असे धागे. कोपऱ्यात शिवलेल्या चिटोऱ्यावर अक्षरं : पानिपत.

मराठी माणसाला या गावाचं नाव असं अवचित वाचून जरा दचकायला होतंच. १४ जानेवारी १७६१नंतर आपण त्या गावाचं क्रियापदच करून टाकलं. परीक्षेतही पानिपत होतं आणि निवडणुकीतही. तिथले लोक मात्र आज जगभरातले उतरलेले स्वेटर आणि कोट पिंजतात. कांडला बंदरात गाठोडी उतरतात. पुन्हा अंगावर घालून विकता येऊ नयेत म्हणून कपडे फाडलेले असतात. बायका त्यांची बटणं, चेनी कापून काढतात, रंगांप्रमाणे ढीग लावतात. लाल ढिगाचं लालच सूत निघतं, वेगळं रंगवावं लागत नाही. या सुताला तिथे आजही शॉडीच म्हणतात, कसलीही लाज न बाळगता. पूर, भूकंप झाला की वाटली जाणारी स्वस्त ब्लँकेटं वर्षानुवर्षं यातूनच बनत आली. अलीकडे पॉलिएस्टरच्या मऊ ब्लँकेटांनी त्यांचा बाजार बराच खाल्लाय.

"टोचत नाही का हो?" मी विचारलं.

"टोचतंय की. पण थंडी लागत न्हाई."

एवढं ऐकल्यावर आमच्या गिलाव्याला शॉडी म्हणायला माझा हात धजेना. या ब्लँकेटाने किती रात्री काढल्या असतील, आणि आमचा गिलावा तीन पावसाळेही धड उभा राहिला नाही. शेवटी आठही ठिकाणी 'तकलादू' घातलं, काकूंच्या समाधानासाठी समारोपात एकदा 'पाट्या टाकल्या आहेत' घातलं, आणि पत्र रजिस्टर्ड पोस्टाने गेलं.

पंधरवड्याने बिल्डरच्या ऑफिसातून फोन आला. पोरगा अदबीने बोलत होता.

"सर, लेटर मिळालं. फक्त ते तकलादू म्हणजे एक्झॅक्टली काय? आणि पाट्या कुठे टाकल्यात ते सांगा, उद्या उचलायला माणूस पाठवतो."