टोकियोहून घरी, पण पूर्वेकडून

टोकियोत आठ दिवस पायाचे तुकडे पडेस्तोवर हिंडलो. त्यातलं काहीही लिहिणार नाहीये, कारण डोक्यात अजून परतीच्या विमानातला तो नकाशाच फिरतोय.

लंडन-टोकियो हवाई अंतर शोधलं की साधारण 9,600 किमी असा आकडा मिळतो. मीही त्याच्या भरवशावर होतो. अकरा-बारा तास, एक झोप, दोन सिनेमे. पण ती रेघ जाते सायबेरियावरून, आणि युक्रेन युद्धामुळे 2022 पासून ब्रिटिश आणि जपानी विमानं रशियावरून जात नाहीत. त्यामुळे जाताना तुर्कस्तान, कॅस्पियन समुद्र, कझाकस्तान, चीन असा खालून वळसा. चौदा तास मधल्या सीटवर. गुडघ्यांचं काय झालं ते विचारू नका.

येताना भांडून खिडकी मिळवली. सकाळी हानेदाहून उडालो आणि समोरच्या पडद्यावर नकाशा लावला. लंडन पश्चिमेला, विमानाचं नाक ईशान्येला. म्हटलं वळेल. जेवणं झाली, ताटं गेली, दिवे मालवले, तरी वळेना! हवाईसुंदरीला विचारावं तर हसं व्हायचं.

शेजारी एक जपानी आजोबा होते. माझी चुळबुळ बघून त्यांनी पडद्यावर अलास्कावर बोट टेकवलं. "अँकरेज," मग दोन बोटांनी नूडल्स ओढल्याचा अभिनय, "उदोन!" शीतयुद्धाच्या काळात सोव्हिएत आकाश बंद असायचं, तेव्हा युरोपची विमानं इंधनासाठी अँकरेजला उतरत. तिथल्या विमानतळावर म्हणे उदोन मिळायचं. आजोबांना अंतराचं काहीच वाटत नव्हतं. फक्त आता मध्ये उतरवत नाहीत, एवढीच तक्रार.

मग उलगडलं. उत्तर पॅसिफिकवरचा जोरदार वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. तो पाठीशी घ्यायचा आणि अलास्का, ग्रीनलंडवरून उतरायचं. म्हणजे जातानाही पूर्वेकडे, येतानाही पूर्वेकडेच. नऊ हजार सहाशेच्या भरवशावर निघालेल्या मी पृथ्वीला अख्खी प्रदक्षिणा घातली होती, तीही न ठरवता!

वारांचा घोळ वेगळाच. गुरुवारी सकाळी निघालो, बेरिंग समुद्रावर वाररेषा ओलांडली आणि बुधवार लागला.

खिडकीची झडप बंद ठेवा असं सांगितलं होतं. मी बोटभर वर केली. मे महिना संपत आलेला, सूर्य क्षितिजाला टेकून मावळायचं नाव घेईना. खाली समुद्रावरचा बर्फ, त्याला तडे, आणि तड्यांत शाईसारखं काळं पाणी. एक तडा इतका लांब की पाच मिनिटं तोच दिसत होता. आजोबांना उठवावंसं वाटलं, पण ते घोरत होते.

हीथ्रोला उतरलो तेव्हा गुरुवारच होता, दुपार. फोन चालू केला तर बायकोचा सकाळचा मेसेज : "कुठे रेंगाळू नकोस, सरळ घरी ये."