मान कललेले कणीस

मराठीत ‘गवत’ हा शब्द फार ऐसपैस आहे. पाती अरुंद असली आणि फुले नजरेत भरत नसली, की वनस्पतीची बोळवण याच शब्दावर होते. लुझुला स्पिकाटा या वनस्पतीचा वाळवून कागदावर डकवलेला, जेमतेम वीतभर उंचीचा नमुना पाहिला तेव्हा मीही तिला गवतच समजलो होतो. बारीक देठाच्या टोकाला गर्द तपकिरी कणीस होते आणि तेही ओशाळल्यासारखे एका बाजूला कललेले. भिंग धरल्यावर पात्यांच्या कडेला, विशेषतः बुडाशी, लांब पांढरे केस दिसले आणि माझी समजूत डळमळली. जुंकस या जवळच्या नातलगाला असे केस नसतात. शिवाय त्याच्या बोंडात बियांची गर्दी असते, तर लुझुलाच्या बोंडात मोजून तीन. वनस्पतींना शास्त्रीय नावे देणाऱ्या लिनियसने 1753 साली हिला जुंकसमध्येच बसवले होते. 1805 मध्ये द कांदोल या वनस्पतिशास्त्रज्ञाने तिला लुझुलात आणले.

खरी गंमत फुलात आहे. सहा पाकळ्यावजा दले, सहा पुंकेसर आणि तीन कुक्षी, म्हणजे आराखडा थेट लिलीचा; मात्र दोन-तीन मिलिमीटरांत मावणारा आणि कागदासारखा कोरडा, कारण इथे कीटकांना भुलवायचे नसून सगळा भरवसा वाऱ्यावर आहे. पराग सुटे न पडता चार-चारांच्या जुडीने पडतात, आणि कुक्षी पुंकेसरांच्या आधी तयार होत असल्यामुळे फुलाला प्रथम दुसऱ्या फुलाच्या परागाची संधी मिळते. एवढ्याशा फुलात वेळापत्रक मात्र काटेकोर!

आइसलँड, ग्रीनलंड, नॉर्वे, स्कॉटलंडचे उंच डोंगर, आल्प्स आणि रॉकी पर्वत अशी तिची घरे दूरदूर विखुरलेली आहेत. तिला मऊ कुरण नको असते. खडी आणि विरळ माती असलेला उघडा माथा, जिथे धिप्पाड शेजारी फिरकत नाहीत, तिथे ती रमते.

अशा थंड माथ्यांवर राहणाऱ्या लुझुलांची एक सवय मला फार आवडते. जुनी पाने वाळली तरी त्या टाकत नाहीत. तपकिरी आवरणे बुडाशी थरावर थर साचतात आणि त्यांच्या आडोशाने नवा कोंब वर येतो. त्या नमुन्याच्या बुडाशीही चिंध्यांसारखा हा पसारा होता, आणि डकवणाऱ्याने तो स्वच्छ करण्याचा आगाऊपणा केला नव्हता.