अंबरनाथचा पाथरवट आणि देवाचा न्याय

अंबरनाथच्या शिवमंदिरातील शिलालेखात शके 982, म्हणजे इ. स. 1060, हे वर्ष आहे. उत्तर कोकणावर तेव्हा शिलाहारांचे राज्य होते आणि आमचे ठाणे, त्या काळचे श्रीस्थानक, ही त्यांची राजधानी होती. त्या मंदिराचा दगड घडविणाऱ्या पाथरवटांपैकी बहुतेकांच्या कानावर येशूचे नाव कधी पडलेच नसणार. ठाण्यात ज्या चार फ्रान्सिस्कन पंथाच्या ख्रिस्ती धर्मबंधूंना ठार मारण्यात आले, ते 1321 साली येथे आले होते आणि पोर्तुगीज तर त्यानंतर दोनशे वर्षांनी. मग त्या पाथरवटांचे मरणानंतर काय झाले असेल? फ्लॉरेन्स येथील कॅथलिक धर्मपरिषदेच्या काळात, 1442 साली, पोप चौथे युजीन यांनी काढलेल्या आज्ञापत्रात याचे निःसंदिग्ध उत्तर आहे : मरणापूर्वी चर्चमध्ये सामील न झालेला कोणीही, मग तो मूर्तिपूजक असो, यहुदी असो वा पाखंडी, सार्वकालिक जीवनाचा वाटेकरी होऊ शकत नाही, त्याच्या वाट्याला सैतानासाठी सिद्ध केलेला अग्नीच येतो.

मी जन्माने आणि श्रद्धेने कॅथलिक आहे. ठाण्यातील एका धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) रविवारच्या धर्मशिक्षण वर्गात मी नववी-दहावीच्या मुलांना शिकविते. ही मुले ज्या इमारतींत राहतात तेथे गणपतीची आरती, ईदचा शीरखुर्मा आणि नाताळच्या करंज्या एकाच जिन्यावरून वरखाली जात असतात. त्यामुळे हा प्रश्न त्यांना पुस्तकातून शोधावा लागत नाही. एका मुलीने मला विचारले, “टीचर, माझ्या मैत्रिणीचा बाप्तिस्मा झालेला नाही, पण ती माझ्यापेक्षा चांगली आहे. देव तिला नरकात टाकेल का?” मी “नाही” म्हणाले, आणि चर्चची आजची शिकवणही माझ्या बाजूने आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1964 साली स्वीकारलेल्या चर्चविषयक संविधानात म्हटले आहे की, स्वतःचा दोष नसताना ज्यांना ख्रिस्ताची ओळख झाली नाही, परंतु जे मनापासून देवाचा शोध घेतात आणि सदसद्विवेकाला अनुसरून वागतात, त्यांनाही तारण मिळू शकते.

हे वाचून पुष्कळांचे समाधान होते. माझे होत नाही, कारण 1442 आणि 1964 यांच्यामध्ये देव बदलला असे कोणीही श्रद्धावान म्हणणार नाही. बदलली ती माणसांची समज. विद्वान म्हणतात की 1442 चे ते वचन जाणूनबुजून श्रद्धा नाकारणाऱ्यांपुरतेच होते. ते मूळ मजकूर वाचल्यावर मला पटत नाही. पाचशे वर्षे आपण देवाच्या नावावर एक घोर अन्याय जमा केला आणि त्याला न्याय म्हणत राहिलो, असेच मला वाटते. हे एकदा मान्य केले, की दुसरा आणि अधिक अवघड प्रश्न टाळता येत नाही : पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, देवाच्या तोंडी घातलेल्या ज्या आज्ञा अन्याय्य आहेत, त्यांचे काय करायचे?

शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाचा पंधरावा अध्याय घ्या. इस्राएल लोक मिसर (इजिप्त) देशातून येत असताना अमालेकी लोकांनी त्यांची वाट अडविली होती. त्या घटनेनंतर कित्येक पिढ्या लोटल्यावर त्या अपराधासाठी इस्राएलच्या शौल राजाला देवाची आज्ञा होते की अमालेकाचे पुरुष, स्त्रिया, मुले आणि तान्ही बाळे यांपैकी कोणालाही जिवंत ठेवू नये. शौल हा अमालेक्यांचा राजा अगाग आणि उत्तम गुरेमेंढरे तेवढी राखून ठेवतो आणि देव त्याला नाकारतो. नाकारण्याचे कारण बालकांची हत्या हे नाही. हत्या अपुरी झाली, हे आहे. मी हा अध्याय वर्गात कधी शिकविलेला नाही, कारण तो अभ्यासक्रमातच नाही, आणि तो नसण्यामागे कोणाला तरी लाज वाटली असावी असे मला वाटते.

याच्या समर्थनार्थ जे सांगितले जाते ते मी आदराने ऐकले आहे. माणसाच्या स्वेच्छेतून दुःख येते, हे उत्तर युद्धे आणि दंगली यांना कदाचित लागू पडेल, पण तान्ह्या बाळाला कोणती स्वेच्छा? देवाचे मार्ग आपल्या मार्गांहून उंच आहेत, हे दुसरे उत्तर. ते खरे असेल. परंतु न्यायान्यायाची आपली जाणीव देवाच्या बाबतीत निकामी ठरत असेल, तर प्रत्येक मिस्सेत, म्हणजे चर्चमधील उपासनेत, आपण त्याला चांगला आणि दयाळू म्हणून जी स्तुती करतो तिलाही काही आधार उरत नाही. निंदा करायला जी बुद्धी अपुरी, ती स्तुती करायला पुरेशी कशी? एखाद्या न्यायाधीशाने आजोबांच्या गुन्ह्यासाठी नातवंडाला फाशी दिली आणि निकालपत्राचा अर्थ तुम्हाला कळणार नाही असे सांगितले, तर ते आपण ठाण्याच्या कोर्टात चालवून घेणार नाही.

आणि हे मी बाहेरून आणलेल्या मोजपट्टीने म्हणत नाही. बापाच्या अपराधाचा भार मुलाने वाहायचा नाही, हे यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात देवाच्याच नावाने सांगितले आहे. पापी सदोम शहराचा नाश होणार असे कळल्यावर अब्राहाम देवासमोर उभा राहतो आणि सर्व जगाच्या न्यायाधीशाने न्यायच करायला नको का, असे विचारतो. किती नीतिमान माणसे सापडली तर शहर वाचेल, यावर पन्नासांपासून दहापर्यंत तो घासाघीस करतो आणि देव रागावत नाही. क्रुसावर येशूसुद्धा “माझ्या देवा, तू मला का सोडलेस?” असेच विचारतो. आपल्याकडे पंडिता रमाबाईंनी 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला, पण केवळ चर्च सांगते म्हणून त्रैक्याचा (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) सिद्धान्त मान्य करण्यास त्या तयार नव्हत्या आणि मठातील ज्या धर्मभगिनींनी त्यांना आसरा दिला त्यांच्याशीच त्यांनी पत्रांतून वाद घातला. श्रद्धा आणि हुज्जत एकत्र नांदू शकतात, याचे त्यांच्याइतके धीट उदाहरण मराठी ख्रिस्ती समाजात मला दुसरे दिसत नाही.

म्हणून माझे मत मी स्पष्ट लिहिते. शमुवेलाच्या पुस्तकातील ती आज्ञा नीतीच्या दृष्टीने अन्याय्य आहे आणि ती देवाने दिली यावर माझा विश्वास नाही. युद्ध जिंकणाऱ्यांनी आपली क्रूरता देवाच्या नावावर लिहिली, असे मी मानते. यावर एक आक्षेप रास्त आहे : अशा रीतीने नको तेवढे वगळत गेले, तर उरेल तो माझ्या पसंतीचा देव असेल. हा धोका मला मान्य आहे. मात्र पाथरवटाच्या बाबतीत चर्चने स्वतःच जुनी समज बाजूला ठेवली, तेव्हा निवड करण्याचे काम आधीच सुरू झालेले आहे. ती निवड कोणत्या निकषावर करायची एवढाच वाद उरतो. बालकाला मारू नये, हा निकष मला माझ्या पसंतीचा वाटत नाही.

बायबलमधील ईयोबाच्या पुस्तकापाशी, म्हणजे निर्दोष असूनही सर्वस्व गमावलेल्या माणसाच्या कथेपाशी, मात्र मी अजून अडते. शेवटी देव ईयोबाच्या मित्रांवर रागावतो. जे देवाची बाजू मांडत होते त्यांनीच देवाविषयी यथार्थ भाषण केले नाही आणि तक्रार करणाऱ्या ईयोबाने केले, असे तो सांगतो. या एका वाक्यासाठी मी त्या लेखकाची ऋणी आहे. परंतु त्यानंतर ईयोबाला गुरेढोरे दुप्पट मिळतात आणि पुन्हा सात मुलगे व तीन मुली होतात. पहिली दहा मुले, जी ईयोबाची निष्ठा पारखण्याच्या सैतानाच्या पैजेला देवाने संमती दिल्यामुळे घराखाली चिरडून मेली, त्यांच्याविषयी पुस्तकाचा शेवट एक शब्दही बोलत नाही. त्यांना न्याय कोठे मिळाला, हे मला अनेक धर्मगुरूंनी समजावण्याचा प्रयत्न केला आहे. दुसऱ्या खेपेची मुले ही पहिल्या मुलांची भरपाई होती, असे सांगणारे उत्तर मी यापुढे वर्गात देणार नाही.