बेदाणा, फरशी आणि वीस तारीख

सोलापूरला अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात मी हिशेब बघते. महिन्यातल्या दोन तारखा कायम माझ्या मानगुटीवर असतात, ११ आणि २०. अकराला जीएसटीआर-१, वीसला ३बी, ही जीएसटीची दोन विवरणपत्रं भरायची. गेल्या वर्षी मार्चच्या १९ तारखेला रात्री छाती अशी आवळून आली की नवऱ्याने चपला न घालताच रिक्षा बोलावली. ईसीजी नॉर्मल. थायरॉईड नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, "हृदय ठणठणीत आहे हो, काळजी फार झालीय." मला बरं वाटायच्या ऐवजी रागच आला. एवढं दुखतंय, आणि म्हणे काळजी!

काही दिवस एक गोळी होती, ती पुढे डॉक्टरांनीच हळूहळू कमी करून बंद केली. सोबत त्यांनी एका समुपदेशक ताईंकडे पाठवलं. आठवड्यातून एकदा, असे आठ आठवडे.

पहिल्या दिवशी ताईंनी माझ्या तळहातावर एक बेदाणा ठेवला. म्हणाल्या, "आयुष्यात पहिल्यांदाच बघताय असं समजून बघा." आता माझं सासर पंढरपूरकडचं. हंगामात जाऊबाई बेदाण्याचा अख्खा बॉक्स पाठवतात, शिऱ्यात, खिरीत, पोरांच्या डब्यात घालून घालून कंटाळा येतो. मी म्हणे बेदाणा पहिल्यांदा बघणार! हसू दाबत बघितला. देठाच्या जागी बारीक खळगा, सुरकुत्यांच्या कडांवर उजेड, कानाशी नेऊन दाबला तर अगदी बारीक चिकट आवाज. जिभेवर ठेवला तर काहीच चव नाही. दात लागल्यावर आधी आंबट आलं, गोड मागून. चाळीस वर्षं मूठमूठ तोंडात टाकत आले, ही आंबट चव मला माहीतच नव्हती.

ताई याला सजगता म्हणायच्या. त्यांनीच सांगितलं, की जॉन कबाट-झिन नावाच्या गृहस्थांनी १९७९ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात, जुनाट दुखण्यांनी बेजार झालेल्या रुग्णांसाठी असा आठ आठवड्यांचा वर्ग सुरू केला. बेदाणाही त्यातलाच. घरी येऊन सांगितलं तर नवरा म्हणाला, "म्हणजे आपली विपश्यनाच की, फिरून आलेली." तसं खरंही आहे, त्या माणसाने बौद्ध ध्यान शिकूनच हे बसवलं. पण इगतपुरीला दहा दिवस मौन धरून बसायला मला रजा कोण देणार? आमच्याकडे एक दिवस मागितली तरी मालकांचं तोंड वाकडं.

खरी पंचाईत पुढे झाली. घरी रोज श्वासावर लक्ष ठेवायचं होतं. मी डोळे मिटले, श्वासाकडे बघायला लागले आणि श्वासच अडकायला लागला. आत पुरेसा जातोय का, मध्येच थांबला का, हीच नवी काळजी. पाय ते डोकं एकेका अवयवाकडे लक्ष नेत जायचं, तो प्रकार केला तर गुडघ्यापर्यंत पोचायच्या आत घोरायला लागले. तिसऱ्या आठवड्यात ताईंना सांगून टाकलं, "मला नाही जमायचं हे." त्या अजिबात वैतागल्या नाहीत. म्हणाल्या, "श्वासच पाहिजे असं कुठंय? ज्यांना छातीची धास्ती बसलीय त्यांना बऱ्याचदा श्वास जमत नाही. पाय घ्या. आवाज घ्या."

पाय म्हणजे फरशी. आमच्याकडे शहाबादी आहे. मे महिन्यात पारा ४३ च्या वर गेला की रात्री अकरालासुद्धा ती कोमट असते, फक्त मोरीजवळच्या दोन फरश्यांना ओल धरून जरा गारवा. मी अनवाणी तिथे जाऊन उभी राहायचे. टाच, चवडा, अंगठा, कुठे किती गार. आवाजाला तर तोटाच नाही. मागच्या गल्लीत यंत्रमाग आहेत, लग्न होऊन आल्यापासून त्या खटखटीला शिव्या देत आले. आता मुद्दाम ऐकायला बसले तेव्हा कळलं की ती एकच खटखट नाही. दोन माग पुढेमागे चालतात, मध्येच एकत्र येतात, पुन्हा सुटतात. एखादा धागा तुटला की तो माग थांबतो आणि दुसरा एकदम मोठा वाटायला लागतो. मन मधल्या मध्ये पाच वेळा जीएसटीच्या साइटवर जाऊन यायचं. गेलं हे कळलं की परत आणायचं, एवढंच काम. ताई म्हणायच्या, मन गेल्याचं कळणं हाच व्यायाम.

हे मला पटलं मात्र शेजारच्या अक्कांमुळे. अक्का विड्या वळतात. मांडीवर सूप, ओलसर पान, पत्र्याच्या मापावर ठेवून कात्रीने कापायचं, चिमूटभर तंबाखू, दोन बोटांत वळून दोरा, टोक दुमडलं की पुढची. एकदा विचारलं, "अक्का, तुम्हाला काळजी नसते का हो?" हात न थांबवता म्हणाल्या, "का नसते? पोरीचं लग्न काढायलोय, काळजी करायलीच की. पण मन तिकडं गेलं की विडी सैल होते. सैल विडी कारखान्यात छाटून टाकतात. मग हाताला कळतं, परत येते मी." त्यांनी कुठला वर्ग केला नव्हता. तो तंबाखू नाकात जाऊन वर्षानुवर्षं खोकतात, हेही खरं. त्या कामाला ध्यान म्हणून गोंडस करावंसं मला वाटत नाही. पण सैल विडी माझ्या डोक्यात बसली ती बसलीच. माझी सैल विडी म्हणजे जबडा. काळजी छातीत यायच्या बराच आधी माझे दात एकमेकांवर घट्ट बसतात. सहाव्या आठवड्यात हे पकडलं, आणि मला वाटतं सगळ्या वर्गात मला मिळालं ते एवढंच.

छाती आवळायची थांबली असं मुळीच नाही. आधी कळतं, इतकंच. कळलं की दात सोडायचे, श्वास सोडताना जरा लांबवायचा. सोडताना ठोके थोडे मंद होतात, आता तेवढा श्वास जमतो. सिद्धेश्वर तलावाच्या कडेने फेरी मारायचं ठरवलं होतं, ते मात्र चार दिवसांत बारगळलं. आणि घाबरगुंडी फारच उडाली तर लावायला टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फ्रीजवर चिकटवलाय. अजून वेळ आली नाही.

मागच्या महिन्यात १९ तारीख आणि पाण्याची पाळी एकाच रात्री आली. आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांआड पाणी, तेही कधी दोनला, कधी चारला. एकीकडे स्क्रीनवरचं चक्र फिरतंय, एका पार्टीचं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, जुळत नाही, दुसरीकडे कान नळाकडे. साडेबाराला जबडा दगड झालेला लक्षात आला. उठले, मोरीजवळच्या फरशीवर जाऊन उभी राहिले. मागच्या गल्लीत एकच माग चालू होता. पाय गार झाले, क्रेडिट काही जुळलं नाही. लॅपटॉप मिटवून आडवी झाले, खरं तर झोप नाहीच लागली.

अडीचला नळ फुसफुसला. आधी नुसती हवा, मग गढूळ पाण्याची एक गुळणी. ती तुळशीला सोडली आणि पिंपात पाइप सरकवला.