जाखडी गावची की मुंबईची?

गणपतीत गावी जाखडी नाचाचा व्हिडिओ काढून पोरं रील टाकतात, खाली कॅप्शन ठरलेलं, आपल्या मातीतली कला. आता कोकणातली आहे हे कोण नाकारतंय, पण आमच्या घरात ती आली ती लालबाग-परळच्या चाळीतून, आणि हे गावाला सांगितलं की लोक जरा फुरंगटतातच.

आजोबा रत्नागिरीहून गिरणीत आले तेव्हा गावकीच्या, म्हणजे गाववाल्यांनी मिळून घेतलेल्या खोलीत राहायचे. एक खोली, भिंतीला लागून सगळ्यांच्या ट्रंका, पाळीप्रमाणे झोपायचं, जेवण खानावळीत. नाच बसायचा तो इथे! दुसरी पाळी सुटली की ढोलकी आणि झांज घेऊन गाणारे बुवा मध्ये, बाकीचे पायात चाळ बांधून गोल, खालच्या मजल्यावरचे शिव्या घालणार ते वेगळंच. मग गणपतीला रजा काढून तोच नाच गावी. शक्ती-तुऱ्याचे, म्हणजे जाखडीतल्या दोन पक्षांच्या सवाल-जवाबाचे सामनेसुद्धा परळच्या दामोदर हॉलला तिकीट लावून व्हायचे. तुरेवाले शिवाची बाजू घेणार, शक्तीवाले पार्वतीची, आणि रात्रभर एकमेकांना पुराणातले सवाल टाकणार, त्यात मध्येच समोरच्या शाहिराची यथेच्छ खेचायची, खरं तर पब्लिक त्यासाठीच यायचं. जाखडीचं बाल्या नाच हे नावही मुंबईकरांनीच पाडलेलं म्हणतात, कानात बाळी घालणाऱ्या कोकण्यांवरून.

आजोबांची गाण्यांची वही माझ्याकडे आहे. प्रत्येक गाण्याच्या वर "चाल" लिहून कुठल्यातरी हिंदी सिनेमातलं गाणं, म्हणजे गणेशाचा गण पण चाल थिएटरातली. विषय तर काय वाट्टेल ते, गावी जाताना बोट लागून मळमळणे, मनीऑर्डर, सासूची तक्रार. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखाच्या आसपास कामगार बाहेर, त्या वर्षीच्या पानांवर गवळण सोडून सगळं संपाचंच आहे, त्यात एक कडवं खाडाखोड करून तीनदा लिहिलंय, घरी पैसे न पाठवता आल्याचं. पुढची बरीच पानं कोरी.

आणि गंमत म्हणजे हीच जाखडी मॉरिशसला पण आहे, तिथे झाकरी म्हणतात. १८३४ पासून उसाच्या मळ्यांसाठी गिरमिटे, म्हणजे करारावरचे मजूर, तिकडे गेले, त्यात कोकणातले मराठीही होते. आज त्यांची नातवंडं-पतवंडं घरात क्रेओल बोलतात पण गणेश चतुर्थीला झाकरी नाचतात, वर तिथे त्या दिवशी सरकारी सुट्टी असते, आपल्या रजेच्या अर्जाची कटकटच नाही!

म्हणून मला ते "शुद्ध पारंपरिक" वगैरे पटत नाही. आता कीबोर्ड आला, तालाचं इलेक्ट्रॉनिक पॅड आलं, त्यावर नाकं मुरडणारे खूप. पॅडचा आवाज मलाही डोक्यात जातो, ढोलकी पार बुडते त्यात, पण सिनेमाची चाल उचलणाऱ्या आजोबांना हे चाललंच असतं, उलट स्पीकर आणखी मोठा लावा म्हणाले असते.

सध्या वही मोबाईलवर टाइप करून ठेवतोय. अक्षर लागलं नाही की आत्याला फोन करतो, तिला निम्मी गाणी पाठ आहेत. ती अख्खं कडवं गाऊन दाखवते आणि मग "ठेव आता, सिरीयल लागली" म्हणून फोन कट.